कांडीतला आवाज

नसीमा दुपारच्या चहाला आली ती हसतच आली. आत येऊन तिनं दार लोटलं, कडी घातली आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "हिरवा! माझा हिरवा लागला, मालन. सुटले एकदाची."

मालननं गॅस बारीक केला. "बघ. मी म्हणत नव्हते?"

"तू कुठं काय म्हणत होतीस! उलट तूच घाबरवलंस. कांडी वापर, कांडी वापर, म्हणून नुसती मागं लागली होतीस." नसीमानं डोक्यावरची ओढणी सैल केली आणि टेबलावरच्या डब्यातून शेव काढली. "तुझं काय? तपासलंस की नाही?"

"तपासलं की. सकाळीच."

"मग?"

"हिरवाच," मालन म्हणाली आणि चहात साखर घालायला वळली. नसीमाला साखर चालत नाही, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा कपात दोन चमचे पडले होते. तिनं तो कप स्वतःकडे ओढला आणि नसीमासाठी दुसरा भरला.

तासगावच्या त्या गल्लीत दोघींची घरं समोरासमोर होती. मालन एसटीत कंडक्टर होती आणि नसीमा स्टँडवरचं कँटीन चालवायची, तेव्हापासूनची ही मैत्री. दोघी आता साठी उलटून गेल्या होत्या. एकीचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. दुसरीचा नवरा होता, पण त्याला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे नसीमा बोलायचं सगळं इथं येऊन बोलायची.

आणि दोघींना दुखणंही एकच होतं, म्हणजे तसं दुखणारं काही नव्हतंच. पाळी जाऊन पुष्कळ वर्षं झाल्यावर एके दिवशी मालनला कपड्यावर रक्ताचा बारीक डाग दिसला. गर्भाशयाचं काही असेल म्हणून ती घाबरून सांगलीला गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "गर्भाशय छान आहे. लघवीच्या वाटेच्या तोंडाशी छोटा कोंब आलाय. निरुपद्रवी असतो. मलम लावा." डाळिंबाच्या दाण्याएवढा, तसाच लाल आणि ओलसर, असं त्यांनी वर्णन केलं होतं. वर्षभरानं नसीमालाही तसाच डाग दिसला, तेव्हा मालननंच तिला त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तेच सांगितलं आणि मलमही तेच दिलं.

डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. पाळी गेली की बाईच्या शरीरातलं एक संप्रेरक आटत जातं आणि त्याच्या जिवावर टवटवीत राहिलेली नाजूक त्वचा पातळ होते. लघवीच्या वाटेचं आतलं अस्तर मग किंचित बाहेर वळतं आणि तिथं लाल कोंब दिसू लागतो. असे कोंब असंख्य बायकांना येतात आणि बहुतेक सगळे निरुपद्रवी असतात. पण फार थोड्या बायकांच्या बाबतीत तो कोंब नसतोच, त्या जागेचा कर्करोग कोंबाचं रूप घेऊन बसलेला असतो. रंग तोच, आकार तोच, आणि दुखत तर काहीच नाही. खात्री करायची तर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. पण येणाऱ्या प्रत्येक बाईचा तुकडा काढायचा म्हटलं, तर शंभरातल्या नव्याण्णवजणींना उगाच कापावं लागेल. म्हणून डॉक्टर मलम देत आणि वाट बघत. कधीकधी ही वाट बघणं महागात पडे.

कांडी आली ती या अडचणीवर.

तिचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, पण गावोगाव ती 'किरणकांडी' आणि मग नुसती 'कांडी' झाली. थर्मामीटरएवढी जाड, टोकाला काचेचा मणी. तो मणी जागेवर टेकवला की आतून लेझरचा बारीक झोत जाई. त्वचेवर पडलेला बहुतेक प्रकाश जसा गेला तसाच परत येतो. पण त्यातला अगदी थोडा, कोट्यवधी कणांतला एखादा, पेशींतल्या रेणूंना धडकून स्वतःचा रंग किंचित बदलून परततो. वीणेची तार आणि ढोलकीची पुडी डोळे मिटूनही वेगळी ओळखू येते, तसे चरबीचे, प्रथिनांचे, पेशीच्या गाभ्यातल्या धाग्यांचे हे बदललेले रंग वेगवेगळे असतात. कर्करोगाच्या पेशीत गाभा फुगलेला असतो आणि भोवतीचं विणकाम उसवलेलं असतं, त्यामुळे तिथून येणारा प्रकाश वेगळा. हजारो बायकांनी दिलेल्या नमुन्यांवरून कांडीला हा फरक शिकवलेला होता. डोळ्याला एकसारखे दिसणारे दोन कोंब ती क्षणात वेगळे काढायची. काळजीचं कारण नसेल तर हिरवा उजेड लागे आणि तुकडा काढून बघायला हवा असेल तर केशरी. लाल ठेवला नव्हता, कारण लाल बघून माणूस आधी घाबरतं आणि मग विचार करतं.

केशरी ठेवायचा, हा निर्णय मालनच्या मुलीचा होता. कांडी बनवणाऱ्या पुण्याच्या गटात तेजस्विनी पहिल्यापासून होती.

आणि त्या दिवशी सकाळी न्हाणीघरात मालनच्या कांडीत जो उजेड लागला होता, तो केशरी होता.

*

तो बघून ती रडली नाही. कांडी धुऊन, पुसून तिनं वरच्या फळीवर ठेवली आणि बाहेर येऊन कुकर लावला. सात वर्षं जो कोंब गुमान बसून होता, तो आताच कशाला उलटेल, असं तिनं स्वतःला समजावलं. मग वाटलं, मशीनच ते, चुकलं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून बघितलं. पुन्हा केशरी. कांडी हलक्या, सरळ आवाजात म्हणाली, "जवळच्या केंद्रात जाऊन तपासून घ्या." बसमध्ये पुढच्या थांब्याचं नाव सांगणारा आवाज असतो ना, तसाच तो होता. त्याच्याशी भांडताही येत नव्हतं.

खरं कारण वेगळंच होतं आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

तेजू परदेशात संशोधन करत होती, तेव्हा तिच्या वडिलांच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. तेजू सगळं टाकून आली. ते वर्षभर जगले, तेवढं वर्ष ती त्यांच्या उशाशी होती. पेज गाळून देणं, नळी बदलणं, रात्रीबेरात्री उचलून बसवणं, सगळं तिनं केलं. ते गेल्यावर तिकडची जागाही गेली होती. ती पुण्यात लागली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्याबद्दल तिनं कधी चकार शब्द काढला नाही, म्हणूनच मालनला तो सल जास्त होता. आता कुठं दिवस फिरले होते. कांडी नैरोबीला जायची होती, तिथल्या बायकांसाठी तिला नव्यानं शिकवायचं होतं आणि ते काम तेजूच्या हाती होतं. दोन वर्षांसाठी. निघायला दीड-दोन महिने राहिले होते.

"दुसऱ्यांदा नाही," मालन कुकरच्या शिट्टीत पुटपुटली. "एकदा बापानं मागं ओढलं. आता मी नाही ओढणार."

संध्याकाळी तेजूचा फोन आला.

"आई, कांडी वापरलीस का?"

"वापरली."

"आणि?"

"हिरवा. तू काय जेवलीस?"

"खरंच हिरवा ना?"

"आता तुला काय फोटो पाठवू का?" मालन म्हणाली. तेजू हसली आणि विषय बदलला. एकदा विमानात बसली की सांगू, तोवर काय होतंय, असं मालननं ठरवलं. पण विमानात बसल्यावरही ती सांगणार नव्हती, हे तिला आतून कळत होतं.

*

पुण्यात, कांडीच्या कचेरीत एक नकाशा होता. त्यावर हिरवे ठिपके नव्हते, फक्त केशरी होते. ज्या बाईच्या कांडीत केशरी लागला, तिच्या भागात एक ठिपका उमटे. ती कुठल्याही केंद्रात जाऊन कांडी तिथल्या खाचेत बसवी, तेव्हा तो ठिपका विझे. यापलीकडे नकाशाला काही कळत नसे. नाव, गाव, वय, काही नाही.

हे कुलूप तेजूनं भांडून घालून घेतलं होतं. पहिल्या चाचणीत ते नव्हतं. तेव्हा निकाल केंद्रात जाई आणि केंद्रातून घरी फोन येई. एका गावात तो फोन जावयानं उचलला. लघवीच्या जागेचं काहीतरी आहे म्हणे, असं सगळ्या भावकीत झालं. त्या बाईनं त्यानंतर उंबरा ओलांडला नाही आणि महिन्याभरात त्या पंचक्रोशीतल्या बायकांनी आपापल्या कांड्या परत आणून दिल्या, न वापरलेल्या. तेव्हा तेजू म्हणाली होती, "शरीर तिचं, तर उत्तरही तिचंच. कुणाला सांगायचं ते तिला ठरवू दे."

नैरोबीचे दिवस जवळ आले, तेव्हा तिच्या नकाशावर सांगली जिल्ह्यात एक ठिपका होता. सहा आठवडे झाले तरी तो विझला नव्हता.

"कुलूप उघडता येतं," तिचा सहकारी इनामदार म्हणाला. हा शांत, विचारी माणूस. उगाच बोलणाऱ्यातला नव्हता. "गटातल्या तिघांच्या किल्ल्या लागतात. मी माझी द्यायला तयार आहे. तेजस्विनी, ती बाई मरेल."

"माहीत आहे मला."

"मग?"

"आज हिच्यासाठी उघडलं, की उद्या ते कुलूप उरणार नाही. बायकांना कळतं रे. कसं कळतं माहीत नाही, पण कळतं. आणि मग शंभरजणी कांडीला हातच लावणार नाहीत. त्यातल्या किती मरतील?"

इनामदारनं नकाशाकडे बोट केलं. "म्हणजे काहीच नाही करायचं?"

तेजू त्या ठिपक्याकडे बघत राहिली. किल्ली फिरवायला मन ओढत होतं, हे तिनं नंतर कबूल केलं. मग तिला सुचलं, कांडीकडून काही घेता येत नसलं तरी कांडीला देता येतं. सूचना सुधारायच्या असल्या की आपण नवा आवाज पाठवतोच की. नाव न विचारता त्या एका कांडीपर्यंत निरोप जाऊ शकतो.

"मशीनचा आवाज नको," ती म्हणाली. "मी बोलते."

*

मालननं ती कांडी पुन्हा हातात घेतली नव्हती. पण न्हाणीघरात दिवा लावायच्या आधी फळीवर एक निळा ठिपका लुकलुकताना तिला दिसला. सकाळची आंघोळ तशीच ठेवून ती पाटावर बसली आणि कांडीचं बटण दाबलं.

"नमस्कार," कांडी म्हणाली, आणि मालनच्या हातातून ती निसटता निसटता राहिली. तो तेजूचा आवाज होता.

"मी तेजस्विनी. ही कांडी ज्यांनी बनवली त्यांच्यातली एक. तुम्हाला मावशी म्हणू का? तुमचं नाव मला माहीत नाही, गाव माहीत नाही, आणि तुम्ही सांगेपर्यंत कळणारही नाही. तुमच्या कांडीत केशरी लागला आणि त्यानंतर तुम्ही कुठं गेला नाहीत, एवढंच इथं दिसतं.

"मी रागवायला बोलत नाही, मावशी. केशरी म्हणजे कॅन्सरच, असं नाही. छोटा तुकडा काढून बघावं लागतं. आणि असलाच, तरी तो अगदी दारातच बसलेला असतो. वेळेवर गेलं तर तेवढाच भाग काढून पुष्कळ बायका बऱ्या होतात. उशीर झाला की तो आत शिरतो, आणि मग आमच्या हातात फार काही राहत नाही. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

"तुम्ही गेला नाहीत, त्याला काहीतरी कारण असेल. लाज वाटत असेल. किंवा घरात काहीतरी चांगलं चाललं असेल, त्यात मोडता नको असं वाटत असेल. माझ्या वडिलांना घास अडकत होता. आम्हाला त्यांनी ते कितीतरी महिने सांगितलं नाही. का, तर माझं तिकडचं काम नुकतं लागलं होतं. पुढे मी आले, वर्षभर त्यांच्याजवळ राहिले. लोक म्हणतात, तुझं नुकसान झालं. मावशी, ते वर्ष मी कुणालाही देणार नाही. त्यांचे पाय चेपले, त्यांच्याशी पत्ते खेळले, त्यांनी मला त्यांच्या लहानपणीच्या किती गोष्टी सांगितल्या. ते वर्ष मला टोचत नाही. ते न सांगितलेले महिने टोचतात. तेव्हा कळलं असतं तर कदाचित अजून काही वर्षं मिळाली असती.

"तुम्हाला मुलं असतील, तर त्यांच्या वतीनं सांगते. आम्हाला त्रास द्या. आम्हाला चालतं.

"आणि एकट्या जाऊ नका. एकीला तरी सांगून, तिला घेऊन जा. बास. पाणी प्या. काळजी घ्या."

निळा ठिपका विझला. मालन किती वेळ तशीच बसून होती, तिला कळलं नाही. बादलीतलं पाणी गार झालं. तिच्या पोरीनं तिला उभ्या जन्मात 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. ते 'तुम्ही' परक्या बाईसाठी होतं, किती जपून, किती मायेनं म्हटलेलं. पत्ते खेळल्याचं तर तिला आजवर माहीतही नव्हतं. दुपारी ती स्वयंपाकघरात असायची, तेव्हा बापलेक खेळत असणार.

तिनं निरोप पुन्हा लावला. मग पदरानं तोंड पुसलं, कांडी रुमालात गुंडाळली आणि समोरच्या घराची कडी वाजवली.

"नसीमा, मी तुझ्याशी खोटं बोलले," ती उंबऱ्यातच म्हणाली. "माझा हिरवा नव्हता."

नसीमा तांदूळ निवडत होती. तिनं ताट खाली ठेवलं. "केशरी?"

मालननं मान हलवली.

"कधीपासून?"

"तुझा हिरवा लागला, त्याच दिवसापासून."

नसीमाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "मी तुझ्याकडे बसून शेव खात होते! सुटले म्हणत होते! आणि तू समोर बसून..." ती आत गेली. पर्समध्ये काहीतरी कोंबल्याचा, नवऱ्याला ओरडून सांगितल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा ओढणी पिन लावून नीट बसवलेली होती.

"चल," ती म्हणाली. "रिक्षात बसून तुला काय शिव्या द्यायच्या त्या देते."

*

सांगलीच्या केंद्रात कांडी खाचेत बसवली, तेव्हा बारीक 'टिक' असा आवाज झाला. इथली डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं मालनला आडवं केलं, अंगावर चादर घातली, हातमोजा घालून बोटानं हलकेच दाबून बघितलं. "इथं थोडं घट्ट लागतंय," ती म्हणाली. सुन्न करून तुकडा काढला. नसीमा पडद्याच्या या बाजूला बसून मोठ्यानं दुवा म्हणत होती. शेवटी नर्सनं तिला पाणी आणून दिलं.

दिवेलागणीला दोघी घरी परतल्या. चपला काढतायत तोवर मालनचा फोन वाजला.

"आई!" तेजूचा आवाज नुसता उसळत होता. "आई, ती गेली!"

"कोण गेली?"

"तुला सांगितलं नव्हतं. एक बाई होती आमच्या नकाशावर. तिचा केशरी होता आणि ती कितीतरी आठवडे कुठं जातच नव्हती. मी तिला निरोप पाठवला होता, माझ्या आवाजात. आणि आज ती गेली तपासायला! ठिपका विझला आई. आम्ही सगळे इथं वेड्यासारखे नाचलो. इनामदार रडला, माहितेय?"

मालन पलंगाच्या कडेवर बसली. नसीमा दारातच उभी राहिली.

"बरं झालं गं," मालन म्हणाली.

"कोण असेल ती, कोण जाणे. कळणारही नाही कधी." तेजूचा आवाज जरा खाली आला. "आपल्याच भागातली आहे एवढंच. मी तिला म्हणाले होते, एकटी जाऊ नका म्हणून. तिच्याबरोबर कुणी गेलं असेल ना गं आई? मला सारखं तेच वाटतंय."

मालननं नसीमाकडे बघितलं. नसीमानं ओठ घट्ट मिटले आणि डोळ्यांनी 'सांग' म्हटलं.

"होती बरोबर," मालन म्हणाली. "नसीमा होती."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तेजूनं, ती चालायला शिकताना पडली की मारायची तशी, एकच हाक मारली. "आई."

*

पहाटे निघून तेजू सकाळी दारात उभी होती. भांडायचं ठरवून आली असावी, पण मालन समोर आल्यावर भांडणं जमलं नाही. बराच वेळ तिनं आईला मिठीतून सोडलं नाही. मग पायरीवर बसून चपलेचा बंद उगाच काढत-लावत राहिली.

"तो निरोप तू ऐकलास," ती म्हणाली. "मी तुला तुम्ही तुम्ही करत होते."

"छान वाटलं. माझ्याशी एवढं गोड कधी बोलतेस?"

तेजूला हसू आलं आणि त्यातच रडूही. "ते कुलूप मी घातलं, आई. नसतं घातलं, तर मला पहिल्याच दिवशी कळलं असतं. सहा आठवडे तुझाच ठिपका बघत होते मी. रोज."

मालन तिच्या शेजारी टेकली. "कुलूप नसतं, तर मी कांडीला हात लावला असता का? माझी लेक तिकडे बसून आईचं असलं काही बघणार, म्हटल्यावर मी ती फळीवरून काढलीच नसती. तू बरोबर केलंस. फक्त मशीनला कुठं माझ्याशी बोलायला येत होतं? ते तू केलंस."

तुकड्याचा अहवाल आला. कर्करोगच होता, पण लहान, वाटेच्या तोंडाशीच. जांघेतल्या गाठींपर्यंत पोचला नव्हता. लघवीच्या नळीचा पुढचा भाग काढायचा ठरला. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. लघवी धरून ठेवणारा स्नायू मागं असतो, तो वाचवायचा प्रयत्न करू, बहुतेक वाचेल, पण खात्री देता येत नाही. "आणि धार पूर्वीसारखी सरळ येणार नाही कदाचित," त्या म्हणाल्या.

"धारेचं काय एवढं, मला काय नेम धरायचाय?" मालन म्हणाली, तशा डॉक्टरीणबाई चित्र काढता काढता थांबून हसल्या.

पण रात्री ती तेजूला हळूच म्हणाली, "ताबा नाही राहिला तर? लंगोट लावून बसायचं का गं? कुणाच्या घरी जाता येईल का?" तेव्हा ती कंडक्टर नव्हती, आई नव्हती, नुसती भ्यालेली बाई होती. तेजूनं 'काही होत नाही' असं म्हटलं नाही. तिनं तिचा हात धरला आणि म्हणाली, "झालं तसं, तर त्याचंही बघू. दोघी मिळून बघू."

नैरोबीचा विषय मालननंच काढला. "तू जायचंच. नाहीतर मी ऑपरेशनला जात नाही." बरीच ओढाताण झाली. शेवटी इनामदारनं पुढं जाऊन काम सुरू करावं आणि आई हिंडूफिरू लागल्यावर तेजूनं जावं, असं ठरलं. हे ठरवायला तिघी बसल्या होत्या. तिसरी नसीमा. तिचं म्हणणं, "मी समोरच राहते, मी काय मेले का?" हेच शेवटी निर्णायक ठरलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. कडेपर्यंतचं सगळं निघालं, असा अहवाल आला. नळी मात्र बरेच दिवस ठेवावी लागली. ती पिशवी घेऊन मालन वॉर्डात येरझाऱ्या घालायची आणि शेजारच्या खाटेवरच्या बायकांना विचारायची, "तुला कोंब होता का? बघितलास का कधी? मग बघ की." सुरुवातीला बायका तोंड फिरवत. नंतर तिच्या खाटेशी येऊन हळूच बसू लागल्या.

नळी काढायची ती सकाळ उजाडली. नर्सनं ती काढली, भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि आता वाट बघा म्हणाली. मालन एकामागून एक पेले रिकामे करत राहिली. नसीमा माळ ओढत होती. तेजूनं हातात धरलेला फोन कधीचा बंद पडला होता.

"आलीये वाटतं," मालन म्हणाली आणि उठली. तेजू धरायला गेली, तशी म्हणाली, "दारापर्यंत चल. आत नको."

तेजू बाहेर उभी राहिली, भिंतीला कपाळ टेकवून. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. नळ टपकत होता. कॉरिडॉरमधून जेवणाची गाडी खडखडत गेली. तिला वाटलं हाक मारावी, पण तिनं मारली नाही.

"तेजू!"

"काय गं?"

"झाली. पायावर उडाली थोडी. पण झाली."

"दुखलं का?"

"आग झाली जराशी. थांब, अजून येतेय." आत पुन्हा शांतता. "मी मध्येच थांबवून बघितली."

"मग?"

"थांबते गं. मी म्हणेन तेव्हा थांबते."

तेजू भिंतीपासून मागं वळली. कॉरिडॉरच्या टोकाला बाकावर नसीमा अर्धी उठून उभी होती, काय झालं ते चेहऱ्यावरून वाचायचा प्रयत्न करत. तेजूनं तिथूनच, सगळ्या बाकांवरच्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडून सांगितलं, "नसीमामावशी! आईची लघवी थांबते!"

दोन-चार माणसांनी माना वळवल्या. एक म्हातारे गृहस्थ घाईघाईनं खिडकीबाहेर बघू लागले.

"अगं हळू बोल की!" मालन आतून म्हणाली, आणि मग दाराच्या त्या बाजूला तिला जे हसू फुटलं, ते तिला थांबवता येईना.